माळ्यावरचा लोखंडी पट्ट्यांचा सेट पुन्हा उघडताना: मापं, आटे, गंज, गिअर

खटपटगृह (धागाकर्ता)

मेकॅनो किंवा मेकॅनिक्सचा (भोकांच्या लोखंडी पट्ट्या नट-बोल्टने जोडून मॉडेलं बांधायच्या खेळाचा) जुना डबा माळ्यावरून खाली उतरला की बहुतेक जण थेट क्रेन बांधायला बसतात आणि दुसऱ्याच संध्याकाळी अडकतात. बोल्ट अर्ध्यात बसतो, शाफ्ट फिरत नाही, चौकट तिरकी होते. लहानपणी हे सगळं चालून जायचं, कारण मॉडेल तासाभरात मोडायचंच असायचं. मोठेपणी मोटर लावून महिनाभर चालणारं काहीतरी बांधायचं असेल, तर आधी डब्यात काय काय आहे ते ओळखावं लागतं. या धाग्यात त्याची व्यवस्थित माहिती जमावी अशी इच्छा आहे. सुरुवात मी करतो.

पहिली गोष्ट म्हणजे भोकांमधलं अंतर. फ्रँक हॉर्नबी यांनी लिव्हरपूलमध्ये १९०१ साली पेटंट घेतलं तेव्हापासून मेकॅनोचं अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मि.मी. आहे. (मेकॅनो हे नाव १९०७ चं.) इतर काही सेटांत, उदाहरणार्थ चेक मेर्कूरमध्ये, ते १० मि.मी. असतं. ११ भोकांची पट्टी घ्या आणि पहिल्या भोकाच्या डाव्या कडेपासून अकराव्या भोकाच्या डाव्या कडेपर्यंत मोजा. १२७ मि.मी. आलं तर अर्ध्या इंचाचा सेट, १०० आलं तर दहाचा. दोन शेजारच्या भोकांमधलं अंतर मोजून ठरवू नका. साध्या फुटपट्टीने तेवढ्या मापात अर्धा मि.मी. सहज चुकतो.

भावंडांचे सेट एकत्र झालेले असतील तर प्रत्येक पट्टी एका नमुन्याच्या पट्टीवर ठेवून दोन्ही टोकांच्या भोकांतून बोल्ट जातो का ते बघा. जात नसेल ती वेगळ्या डब्यात.

माझे प्रश्न तीन. गंज काढायचा कसा, नट-बोल्ट मुंबईत कोणते घ्यायचे, आणि मोटर ते गिअर जोडणी.

नागदेवी१२

बोल्टचं सांगतो, सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो.

जुन्या मेकॅनोचा बोल्ट ५/३२ इंच व्हिटवर्थ (आट्यांचं जुनं ब्रिटिश इंची माप), इंचाला ३२ आटे. व्यास ३.९७ मि.मी., दोन आट्यांमधलं अंतर ०.७९ मि.मी. आज बाजारात सर्रास मिळतो तो एम४: व्यास ४, आट्यांचं अंतर ०.७. दोन्ही हातात घेतले तर फरक कळत नाही. म्हणूनच एम४ चा बोल्ट जुन्या नटात दोन-तीन फेरे गुपचूप जातो आणि मग घट्ट होतो. माणसाला वाटतं गंज आहे, तो पान्याने रेटतो आणि आटे कायमचे मरतात. पितळी बॉसच्या (शाफ्ट बसतो त्या मधल्या जाड भागाच्या) चाकात असं झालं तर चाक वाया जातं, नट नाही. म्हणून नियम एकच: बोटांनी चार फेरे गेलं नाही तर थांबा, मागे काढा.

अलीकडचे मेकॅनो सेट एम४ वर आहेत आणि त्यांना ॲलन की लागते. त्यामुळे रंगावरून आटे ठरवू नका, प्रत्येक पुडी तपासा. एक खात्रीचा नट आणि एक खात्रीचा बोल्ट दोऱ्याला बांधून डब्यात ठेवा, तोच तुमचा गेज.

खरेदी: एम४ पितळी किंवा झिंक मुलाम्याचे चीजहेड (सरळ कडेच्या गोल डोक्याचे) बोल्ट नागदेवी स्ट्रीटला शेकड्याने मिळतात. लांबी ६ मि.मी. बहुतेक जोडांना पुरते. तीन-चार पट्ट्या एकावर एक आल्या तर १०, आणि फिरत्या सांध्यांना १२. सुरुवातीला ६ चे ३००, १० चे ५०, १२ चे ५०, नट ५००, वायसर २०० असा साठा धरा. नट नेहमी बोल्टपेक्षा जास्त घ्या, कारण फिरत्या सांध्याला दोन नट लागतात आणि हरवतातही तेच.

५/३२ चा माल कमी दुकानांत मिळतो. विचारताना सूताच्या हिशोबात विचारा. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तेव्हा ५/३२ म्हणजे सव्वा सूत. व्हिटवर्थ हा शब्द आवर्जून सांगा, आणि दोऱ्याला बांधलेला नट सोबत न्या. काउंटरवरच फिरवून बघा.

पान्याचंही लक्षात ठेवा: जुना चौकोनी नट पाव इंची, एम४ चा षटकोनी ७ मि.मी. ७ चा पाना जुन्या नटावर लावला तर कोपरे गोल होतात.

सुटेभाग

+१. आटे मेलेला बॉस असेल तर लगेच टाकून देऊ नका. ग्रब स्क्रूचं (चाक शाफ्टवर पक्कं करणाऱ्या बारीक स्क्रूचं) भोक बऱ्याचदा एम४ च्या टॅपने (आटे पाडायच्या हत्याराने) पुन्हा काढता येतं. टॅप हातात सरळ धरा, अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, असं करत न्या. पितळेला तेल नको, चुरा ब्रशने काढत राहा. मात्र ते चाक मग एम४ च्या डब्यात गेलं पाहिजे. बॉसवर मार्करने एक ठिपका द्या, नाहीतर सहा महिन्यांनी पुन्हा तोच घोळ.

ओली_हवा

गंजाबद्दल. आधी मुलामा ओळखा, मग उपाय. सरसकट सगळं एका पातेल्यात बुडवू नका.

मेकॅनोचे रंग सालानुसार बदलत गेले. १९२६ आधी निकेलचा मुलामा, त्यानंतर लाल-हिरवा, १९३४ पासून निळा-सोनेरी, युद्धानंतर पुन्हा लाल-हिरवा, १९६४ ला पिवळा-काळा-चांदी. पुढे पट्ट्यांना झिंक आला.

रंग उडालेली आणि तांबूस गंज चढलेली पोलादी पट्टी असेल तर लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड (किराणा दुकानात लिंबूसत्त्व म्हणून मिळतं) घाला, पट्टी तासभर ठेवा, जुन्या टूथब्रशने घासा, गरज वाटली तर आणखी तासभर. रात्रभर ठेवू नका, ॲसिड गंज संपला की चांगलं पोलादही खातं आणि पट्टी करडी, खरखरीत होते. बाहेर काढली की लगेच लिटरला एक मोठा चमचा खायचा सोडा घातलेल्या पाण्यात बुडवा, मग साधं पाणी, मग कोरडं फडकं, आणि लगेच हेअर ड्रायर. लगेच हे शब्दशः घ्या. जुलैत मुंबईत ओली पट्टी ओट्यावर दहा मिनिटं पडली तर तिच्यावर पिवळसर गंज परत दिसतो. एका वेळी पाच-सहा पट्ट्याच घ्या.

झिंकच्या चकचकीत पट्ट्या या पाण्यात घालायच्या नाहीत. बुडबुडे येतात ते गंजाचे नसतात, झिंक विरघळत असतो. त्यांना फक्त साबणाचं पाणी. रंगीत पट्ट्यांनाही तेच, आणि भोकांच्या कडेला गंज असेल तर कापसाच्या बोळ्याने शिलाई मशीनचं तेल, दिवसभर मुरू द्या, मग पुसा.

दातेचक्र

ओली_हवा, एक भर. तेल लावून पट्ट्या तशाच बांधू नका. दोन पट्ट्यांचा जोड बोल्टमुळे जागेवर राहत नाही, बोल्ट पट्ट्यांना जे दाबून धरतो त्या घर्षणामुळे राहतो. भोकात बोल्ट थोडा ढिला असतोच. मध्ये तेल राहिलं तर कितीही आवळा, लांब जिब (क्रेनचा पुढे आलेला हात) हळूहळू खाली बसते. पट्ट्यांना फर्निचरचं मेण किंवा कार पॉलिश लावून कोरडं चोळा. तेल फक्त शाफ्ट आणि भोक जिथे घासतात तिथे, सुईच्या टोकाने एक थेंब.

ओली_हवा

मान्य, जोडाच्या जागी तेल नकोच. साठवायच्या पट्ट्यांना मात्र तेलाचा पातळ हात हवा, वापरायच्या वेळी पुसायचा.

साठवणीचंही सांगून टाकतो. पुठ्ठ्याचा खोका आणि वर्तमानपत्र ओल धरतात, मूळ खोका जपायचा असेल तर रिकामा जपा. हवाबंद प्लास्टिक डबा, पाच लिटरच्या डब्यात ५० ग्रॅम सिलिका जेल. रंग बदलणारं घ्या, रंग बदलला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास. पट्ट्यांच्या जुड्या रबरबँडने बांधू नका. रबरात गंधक असतं, पितळ आणि निकेल त्या रेषेत काळं पडतं आणि रबर वितळून चिकटतं. सुती दोरा किंवा वेल्क्रो. नट-बोल्टांना स्टीलचा मसाल्याचा डबा उत्तम: सात वाट्या, सात मापं, वर घट्ट झाकण.

खटपटगृह

फार उपयोगी. आता चौकट काटकोनात आणण्याचं कुणी सांगेल का? गुण्या लावून आवळलं तरी मोटर फिरली की तिरकी होते.

दातेचक्र

गुण्याने काटकोन दिसतो, टिकत नाही. कर्ण हवा. अर्ध्या इंचाच्या सेटमध्ये तीन-चार-पाचचा त्रिकोण आयताच मिळतो, फक्त भोकं मोजायची नाहीत, भोकांमधल्या जागा मोजायच्या. ४ भोकांची पट्टी म्हणजे ३ जागा, ५ भोकांची ४, ६ भोकांची ५. या तीन पट्ट्या टोकाला टोक जोडल्या की कोपरा काटकोनच. मोठ्या चौकटीला ७, ९ आणि ११ भोकं, म्हणजे ६-८-१०. मेकॅनोच्या भाग क्रमांकांत लहान त्रिकोण म्हणजे ६, ५, ४ आणि मोठा ३, २ए, २.

बहुतेकांचं इथेच चुकतं: ३, ४, ५ भोकांच्या पट्ट्या घेतात. त्यांच्या जागा २, ३, ४ होतात. त्रिकोण बनतो, पण मोठ्या बाजूसमोरचा कोन १०४ अंशांच्या आसपास येतो.

क्रेनच्या बुरुजाला चारही बाजूंना कर्ण लावले तरी तो पिळतो. आडवा कर्ण, म्हणजे वरून बघितल्यावर चौकोनाच्या दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांना जोडणारी पट्टी, निदान दोन पातळ्यांवर हवी. पाया आणि माथा.

माझगाव_क्रेन

शाफ्टचं मी सांगतो. गिअर बसवण्याआधी प्रत्येक शाफ्ट एकटा तपासायचा.

दोन बाजूंच्या प्लेटा उभ्या करा, सगळे बोल्ट फक्त बोटांनी लावा. शाफ्ट दोन्ही भोकांतून घाला आणि तो आत असतानाच बोल्ट आवळा, समोरासमोरचे आळीपाळीने, प्रत्येक वेळी पाव फेरा. मध्ये मध्ये शाफ्ट बोटाने फिरवत राहा. मग रिकाम्या शाफ्टवर एक चाक लावून टिचकी मारा. फिरत राहून हळूहळू थांबलं तर ठीक. एकदम थांबलं तर भोकं समोरासमोर नाहीत. दर वेळी त्याच जागी थांबलं तर शाफ्टच वाकडा. काचेच्या टीपॉयवर घरंगळवा, वाकडा शाफ्ट उड्या मारत जातो आणि खाली उजेडाची फट दिसते. जास्त वाकलेला सरळ करायच्या भानगडीत पडू नका, नवा घ्या.

जुन्या मेकॅनोचा शाफ्ट ८ गेजचा, साधारण ४.०६ मि.मी. ४ मि.मी. सिल्व्हर स्टीलचा रॉड त्याच्या जागी चालतो, किंचित खेळ वाढतो इतकंच. लोखंडी करवतीने कापा आणि टोक कानसने गोलसर करा. कापल्यावर राहिलेली कड घेऊन रॉड भोकात घातला तर तो भोक ओरबाडतो.

ग्रब स्क्रू आवळला की शाफ्टवर बारीक उंचवटा येतो. मग चाक निघत नाही आणि लोक पक्कडीने ओढतात. जिथे स्क्रू बसणार तिथे आधीच कानसने छोटी सपाट जागा करा, अर्धा मि.मी. पुरे. चाक घसरत नाही आणि काढायलाही सोपं.

मोटरबॉक्स

मोटर आणि गिअर माझ्याकडे.

लॅमिंग्टन रोडला १२ व्होल्टची गिअर मोटर मिळते, ६ मि.मी.चा, एका बाजूने सपाट शाफ्ट. १०० आरपीएमची घ्या. ३०० ची घेऊन व्होल्टेज कमी करून चालवली तर जोर कमी पडतो आणि ती सुरू होतानाच अडखळते. जोडायला ६ ते ४ मि.मी.चा कपलर (दोन शाफ्ट जोडणारा तुकडा), थ्री-डी प्रिंटरचे भाग विकणाऱ्यांकडे असतो. जुना ८ गेजचा शाफ्ट त्यात थोडा घट्ट जाईल, टोक १५ मि.मी.पर्यंत ४०० च्या पॉलिश पेपरने फिरवत घासा.

गिअर: १९ आणि ५७ दातांची जोडी एक इंच अंतरावर, म्हणजे दोन जागांवर, बरोबर बसते. गुणोत्तर ३:१. ५० आणि २५ ची जोडीही एक इंचावरच, २:१. आणखी कमी वेग हवा तर ९५ आणि १९, दीड इंचावर, ५:१.

क्रेनच्या रहाटाला (दोरा गुंडाळणाऱ्या शाफ्टला) ३:१ दोनदा घ्या. बाजूच्या प्लेटवर एका ओळीत पहिलं, तिसरं, पाचवं भोक. पहिल्यात मोटरचा शाफ्ट आणि १९, तिसऱ्यात ५७ आणि १९, पाचव्यात ५७. पहिली जोडी डाव्या प्लेटजवळ, दुसरी उजव्या प्लेटजवळ. दोन्ही ५७ एकाच रेषेत आले तर एकमेकांवर आपटतात. पाचव्या भोकाचा शाफ्ट प्लेटबाहेर काढा आणि दोरा तिथे गुंडाळा, दोन्ही बाजूंना बुश व्हील (बॉस असलेली सपाट चकती) लावून. आतल्या बाजूला डाव्या ५७ ची कड त्या शाफ्टच्या मध्यापासून पाच-सहा मि.मी.वरच असते, दोरा तिथे गेला की दातांत अडकतो.

हिशोब: १०० भागिले ९, म्हणजे मिनिटाला ११ फेरे. शाफ्टचा परीघ १२.८ मि.मी., म्हणजे हुक मिनिटाला सुमारे १४ सें.मी. वर येतो. थरावर थर चढले की वेग वाढतो. हुकाला पुली लावून दोरा दुहेरी नेला तर वेग निम्मा आणि दोऱ्यावरची ओढ निम्मी.

दात किती घट्ट बसवायचे? दोन दातांत वहीच्या पानाची एक पट्टी घालून फिरवा. नागमोडी घडी पडून बाहेर आली पाहिजे. फाटली तर फार जवळ.

सुटेभाग

मोटर बंद केल्यावर वजन खाली येत असेल तर? ९:१ ला जड वजन रहाट उलटं फिरवेल ना?

मोटरबॉक्स

गिअर मोटरचं स्वतःचं घर्षण दोन-अडीचशे ग्रॅम सहज धरून ठेवतं. त्यापुढे वर्म (स्क्रूसारख्या आट्यांचा गिअर) लावा. वर्म आणि १९ दातांचा पिनियन अर्ध्या इंचावर, वर्म आणि ५७ एक इंचावर. वर्म चाकाला फिरवतो, चाक वर्मला फिरवू शकत नाही, त्यामुळे वजन जागेवर थांबतं. पण वर्म शाफ्टला लांबीच्या दिशेने ढकलतो. दोन्ही टोकांना कॉलर (शाफ्टवर आवळायची कडी), आणि कॉलर व प्लेट यांच्यामध्ये वायसर हवाच. नाहीतर कॉलर प्लेट घासत आत जातो आणि तासाभरात पितळेचा पिवळा चुरा दिसतो.

मोटर अडली तरी करंट चालू राहिला तर वायंडिंग जळतं. मोटर आणि पहिल्या शाफ्टमध्ये थेट कपलरऐवजी दोन पुली आणि रबरचा पट्टा ठेवला तर अडल्यावर पट्टा घसरतो. शिकणाऱ्याने हेच करावं. उलट-सुलट फिरवायला सहा पायांचा डीपीडीटी स्विच, मध्ये बंद असणारा.

माझगाव_क्रेन

दोऱ्याबद्दल एक. पीळ दिलेला दोरा घेऊ नका. वजन आलं की पीळ सुटतो, हुक गरगर फिरतो आणि दोन पदर एकमेकांना गुंडाळतात. विणलेली बारीक दोरी घ्या, मासेमारीच्या सामानाच्या दुकानात विणलेली लाइन असते.

आणि मागचं वजन. २०० ग्रॅम उचलायचं, हुक आसापासून ३० सें.मी. पुढे. मागे १५ सें.मी.वर ४०० ग्रॅम हवं, जिबचं स्वतःचं वजन वेगळं. दहा रुपयांचं नाणं साधारण ७.७ ग्रॅमचं, ५२ नाण्यांची चळत झाली ४००. वजनकाटा लागत नाही. पण रिकामी क्रेन मागे कलंडणार नाही ना ते आधी बघा. कलंडत असेल तर मागचं वजन कमी करण्यापेक्षा पाया मागे दोन भोकं वाढवा.

खटपटगृह

जुने भाग चोर बाजारात घेताना काय बघायचं?

नागदेवी१२

मटण स्ट्रीटची दुकानं शुक्रवारी बंद असतात, तो दिवस टाळा. पट्ट्यांपेक्षा पितळी भागांकडे बघा: गिअर, वर्म, कपलिंग, बॉस असलेल्या पुली. पट्टी कुणीही कापून देईल, ३८ डायमेट्रल पिचचा (व्यासाच्या दर इंचाला ३८ दात) गिअर देणार नाही. दात भिंगातून बघा. दाताचा माथा चपटा हवा. सुरीसारखा धारदार झाला असेल तर तो झिजलाय, घेऊ नका. बॉस आणि चकती यांचा जोड दोन हातांनी पिळून बघा, किंचित जरी सरकला तरी भाराखाली घसरणार. आणि दोऱ्याला बांधलेला बोल्ट खिशात ठेवा. ग्रब स्क्रूच्या भोकात बोटाने चार फेरे.

सुटेभाग

चपट्या प्लेटा घेताना काठावरची लांबट भोकं बघा. आवळून आवळून तिथे धातू ताणलेला असतो. पालथी ठेवली की प्लेट डुगडुगते. दोन लाकडी ठोकळ्यांत धरून शिकंजात रात्रभर दाबली तर बऱ्याच सरळ होतात. हातोडी लावू नका, रंगाचे टवके उडतात आणि पहिल्याच पावसाळ्यात त्या जागी गंज धरतो.